विश्लेषण : ‘ख्रिसमस ट्री’ घरोघरी पोहोचला कसा? प्रिन्स अल्बर्ट यांना त्याचे श्रेय का दिले जाते?

डिसेंबर उजाडला की मॉलपासून शाळेपर्यंत आणि सोसायटीच्या प्रवेशद्वारापासून घराच्या दिवाणखान्यापर्यंत ख्रिसमस ट्री दिसू लागतो. झाडावरचे दिवे, टोकावरची परी किंवा तारा, खाली मांडलेल्या भेटवस्तू आणि भोवती जमलेले कुटुंब हे नाताळचे चित्र आता जगभर सारखेच आहे. मात्र हे चित्र फार जुने नाही. त्याला आजचे रूप आले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात. त्यामागे होते राणी व्हिक्टोरिया यांचे जर्मन पती प्रिन्स अल्बर्ट. जेमतेम ४२ वर्षे जगलेल्या आणि नाताळला दहा दिवस उरले असताना मृत्यू पावलेल्या या राजपुत्राचे आयुष्य नेमके कसे होते? आणि घरगुती नाताळाशी त्यांचे नाव का जोडले गेले?

अल्बर्ट यांचे बालपण कसे होते?

अल्बर्ट यांचा जन्म २६ ऑगस्ट १८१९ रोजी कोबुर्गजवळच्या रोझेनाऊ येथील वाड्यात झाला. त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता. लहान-मोठी अनेक संस्थाने होती आणि कोबुर्ग हे त्यातलेच एक छोटे संस्थान. वडील एर्न्स्ट हे तिथले ड्यूक, तर आई लुईझे शेजारच्या गोथा घराण्यातील. थोरला भाऊ एर्न्स्ट अल्बर्टपेक्षा सव्वा वर्षाने मोठा. योगायोग असा, की अल्बर्ट यांच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या सुईण-वैद्य शार्लोटे फॉन सीबोल्ड यांनीच तीन महिने आधी लंडनमध्ये व्हिक्टोरिया यांच्या आईचेही बाळंतपण केले होते.

बाहेरून हे राजघराणे सुखी दिसत असले तरी आतून ते दुभंगलेले होते. वडिलांच्या बाहेरख्यालीपणामुळे पती-पत्नीत दुरावा आला. पुढे लुईझे यांच्यावरही संशय घेतला गेला. १८२४ मध्ये त्यांना घर सोडावे लागले. अल्बर्ट तेव्हा नुकते पाच वर्षांचे झाले होते. १८२६ मध्ये घटस्फोट झाला. लुईझे यांनी दुसरा विवाह केला, पण मुलांची भेट त्यांच्या नशिबी नव्हती. १८३१ मध्ये कर्करोगाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या केवळ तीस वर्षांच्या होत्या.

आईविना वाढलेल्या या दोन भावांना दोन्हीकडच्या आज्या आणि शिक्षक क्रिस्टोफ फ्लोर्शुट्झ यांनी सांभाळले. दोघे भाऊ एकमेकांना घट्ट धरून राहिले. लहानपणी आईने दिलेली एक छोटी पिन अल्बर्ट यांनी जपून ठेवली होती. पुढे व्हिक्टोरिया यांना त्यांनी ज्या पहिल्या काही भेटी दिल्या, त्यात ती पिन होती. आपल्या एका मुलीचे नाव त्यांनी आईच्या नावावरूनच लुईझ ठेवले. घर, कुटुंब आणि मुलांचे बालपण या गोष्टींबद्दल अल्बर्ट आयुष्यभर इतके आग्रही का होते, याचे उत्तर या वर्षांत सापडते.

जर्मनीत नाताळ कसा साजरा होत असे?

कोबुर्गमधल्या त्या थंड वाड्यात वर्षातून एकदा जी ऊब येत असे, ती नाताळच्या आदल्या संध्याकाळी. जर्मन प्रथेनुसार २४ डिसेंबरची संध्याकाळ हीच मुलांसाठी सर्वात महत्त्वाची. दिवसभर एका खोलीचे दार बंद ठेवायचे. मोठ्यांनी आत झाड सजवायचे, मेणबत्त्या लावायच्या, भेटवस्तू मांडायच्या. अंधार पडला की दार उघडायचे. मुलांनी उजेडाने भरलेले झाड पाहायचे आणि मग आपापल्या भेटी उघडायच्या, असा हा सोहळा.

झाड घरात आणण्याच्या प्रथेचे मूळ निश्चित सांगता येत नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी तारे चमकत असलेले झाड पाहून घरात पहिला ख्रिसमस ट्री लावला, ही कथा लोकप्रिय आहे. मात्र त्यांच्या काळातील कोणताही पुरावा तिला नाही. १६०५ च्या सुमारास स्ट्रासबुर्गमधील लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाडे उभी करून त्यांना कागदी गुलाब, सफरचंदे आणि गोड पापड्या बांधत, अशी नोंद मिळते. काही अभ्यासक सफरचंदांचा संबंध २४ डिसेंबरला साजऱ्या होणाऱ्या आदाम-हव्वेच्या स्मृतिदिनाशी जोडतात. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकांत ज्ञानवृक्ष म्हणून फळे टांगलेले झाड उभे केले जात असे. पुढे मेणबत्त्या आल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रोटेस्टंट घरांत ही प्रथा रुजली.

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचा विवाह कसा जमला?

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट ही मामे-आते भावंडे. व्हिक्टोरिया यांची आई आणि अल्बर्ट यांचे वडील सख्खे बहीण-भाऊ. दोघांचे मामा-काका असलेले बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांची हा विवाह व्हावा अशी फार इच्छा होती. १८३६ मध्ये दोघांची पहिली भेट झाली. पुढच्याच वर्षी, १८ वर्षांच्या व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर आल्या. अल्बर्ट तेव्हा बॉन विद्यापीठात शिकत होते.

ऑक्टोबर १८३९ मध्ये दोघे भाऊ विंडसरला आले आणि पाचच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, राणीने अल्बर्ट यांना मागणी घातली. राज्यकर्त्या राणीला कोणी मागणी घालू शकत नाही, असा शिष्टाचार असल्याने पुढाकार तिलाच घ्यावा लागला. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपलमध्ये विवाह झाला.

इंग्लंडने मात्र नव्या जावयाचे स्वागत थंडपणे केले. एका छोट्या संस्थानातला धाकटा राजपुत्र पैशांसाठी आला आहे, अशी टवाळी झाली. त्यांच्या धर्माबद्दलही शंका घेतल्या गेल्या. वास्तविक ते ल्यूथरन प्रोटेस्टंट होते. सरकारने त्यांच्यासाठी वर्षाला ५० हजार पौंडांचा तनखा सुचवला होता, संसदेने तो ३० हजारांवर आणला. त्यांना राजा ही पदवी मिळाली नाही. ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ हा किताबही विवाहानंतर १७ वर्षांनी, १८५७ मध्ये मिळाला. सुरुवातीला तर घरातही त्यांचे चालत नसे. राणीच्या जुन्या शिक्षिका बॅरोनेस लेझेन यांचा राजवाड्यावर वरचष्मा होता. मुलांच्या देखभालीवरून पती-पत्नीत कडाक्याची भांडणे झाली आणि १८४२ मध्ये लेझेन जर्मनीला परतल्या.

राजवाड्याचा कारभारही विचित्र होता. खिडक्यांच्या काचा आतून एका खात्याने पुसायच्या आणि बाहेरून दुसऱ्याने. शेकोटीत लाकडे एका विभागाने रचायची आणि ती दुसऱ्याने पेटवायची. अल्बर्ट यांनी ही घडी मोडून खर्च आटोक्यात आणला. पुढे आइल ऑफ वाइट या बेटावर ऑस्बर्न येथे कुटुंबासाठी घर उभारण्यात ही काटकसर कामी आली.

इंग्लंडमधील पहिला ख्रिसमस ट्री अल्बर्ट यांचाच का?

नाही. हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. त्याच्या ४० वर्षे आधी, डिसेंबर १८०० मध्ये, राजे तिसरे जॉर्ज यांच्या पत्नी राणी शार्लट यांनी विंडसरमध्ये मुलांसाठी एक सजवलेले झाड उभे केले होते. शार्लटही जर्मनच. ते झाड ‘यू’ जातीचे होते. मिठाई, फळे, खेळणी आणि मेणबत्त्या त्यावर होत्या. राजघराण्यात आणि काही उमरावांकडे ही पद्धत पुढे चालू राहिली. व्हिक्टोरिया स्वतः १३ वर्षांच्या असताना, १८३२ च्या नाताळात, त्यांच्या घरी दिवे लावलेली झाडे टेबलांवर मांडली होती, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या घरीही झाडे असत.

मग अल्बर्ट यांनी नवे काय केले? दरबारातील वरिष्ठांचा एक शौक असलेली ही गोष्ट त्यांनी कौटुंबिक सोहळ्याच्या मध्यभागी आणली आणि दरवर्षी न चुकता साजरी केली. त्यांची पहिली मुलगी व्हिक्टोरिया, म्हणजे विकी, नोव्हेंबर १८४० मध्ये जन्मली. १८५७ पर्यंत या दाम्पत्याला नऊ अपत्ये झाली आणि विशेष म्हणजे नऊही जगली. बालमृत्यू ही नित्याची बाब असलेल्या काळात हे दुर्मीळच. मुलांची संख्या वाढत गेली तसा विंडसरचा नाताळही वाढत गेला. आपले आणि एर्न्स्टचे जुने दिवस आता मुलांच्या आनंदात शोधावे लागतात, अशा अर्थाचे अल्बर्ट यांनी पत्रात लिहिले होते.

विंडसरचा नाताळ कसा असे?

तयारीत अल्बर्ट स्वतः लक्ष घालत. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी खोल्यांची दारे उघडली जात. एकच झाड नसे, तर अनेक असत. मुलांसाठी झाड, राणीसाठी अल्बर्ट यांनी सजवलेले झाड, अल्बर्ट यांच्यासाठी राणीने तयार करवून घेतलेले झाड. राणीच्या आईसाठीही वेगळे झाड असे. पांढरे कापड अंथरलेल्या टेबलावर झाड आणि त्याच्या बुंध्याशी भेटी, अशी मांडणी. काही वर्षी छतावरची झुंबरे काढून त्या जागी मेणबत्त्या लावलेली झाडे टांगली गेली.

मुलांच्या झाडाचे वर्णन तेव्हाच्या वृत्तपत्रात तपशिलाने आले आहे. सुमारे आठ फूट उंचीचे कोवळे फर, फांद्यांचे सहा थर आणि प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या. म्हणजे एका झाडावर सत्तरहून अधिक ज्योती. रंगीत फितींनी बांधलेले सोनेरी वर्खाचे जिंजरब्रेड, मिठाईने भरलेली अंडी, गोळ्यांच्या नाजूक टोपल्या आणि अगदी टोकाला पंख पसरलेली देवदूताची लहानशी मूर्ती. ही झाडे नाताळच्या आदल्या संध्याकाळपासून बाराव्या रात्रीपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवली जात.

दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला प्रार्थना आणि मग मोठी मेजवानी. त्यात मात्र सगळे इंग्रजी असे. गोमांसाचा भलामोठा भाजलेला भाग, रानडुकराचे सजवलेले डोके, पाय आणि पुडिंग. म्हणजे आदली संध्याकाळ जर्मन आणि दुसरा दिवस इंग्रजी. या दोन परंपरांची सांगड हेच विंडसरच्या नाताळाचे वैशिष्ट्य होते. भेटवस्तूंचेही तसेच. इंग्लंडमध्ये भेटी देण्याचा दिवस प्रामुख्याने नववर्षाचा होता. तो हळूहळू नाताळवर सरकला.

१८६० च्या नाताळात उपस्थित असलेल्या एका दरबारी उमरावाने लिहून ठेवले आहे, की त्या संध्याकाळी कोणी कोणाला वाकून नमस्कार करायचे भान ठेवत नव्हते. दहा वर्षांच्या आर्थरला स्वयंसेवक सैनिकाचा गणवेश आणि छोटी बंदूक मिळाली होती. ती घालून त्याने वडिलांवरच लुटुपुटीचा नेम धरला आणि मग सलामी दिली. अल्बर्ट यांचा तो शेवटचा नाताळ ठरला.

एका चित्राने प्रथा कशी बदलली?

विंडसरच्या भिंतींआड चाललेला हा सोहळा सामान्यांपर्यंत पोहोचवला तो एका चित्राने. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे १८४२ मध्ये सुरू झालेले सचित्र साप्ताहिक मध्यमवर्गात घरोघरी वाचले जाई. डिसेंबर १८४८ मध्ये त्याने विंडसरच्या झाडाचे चित्र छापले. मधोमध उजळलेले झाड, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला अल्बर्ट आणि भोवती वर पाहणारी मुले. राजमुकुट, सिंहासन, सैनिक यापैकी काही नाही. केवळ एक कुटुंब.

या चित्राला १८४८ या वर्षाचाही संदर्भ आहे. त्या वर्षी युरोपभर क्रांतीची लाट उसळली होती. फ्रान्सच्या राजाला पळून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. लंडनमध्ये चार्टिस्ट चळवळीच्या सभेच्या भीतीने राजकुटुंबाला ऑस्बर्नला हलवले गेले होते. अशा वर्षाच्या अखेरीस, सर्वसामान्यांसारखेच मुलांमध्ये रमणारे राजकुटुंब लोकांना दिसले. त्याचा परिणाम मोठा होता.

दोन वर्षांनी, १८५० मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या लोकप्रिय मासिकाने तेच चित्र छापले. मात्र त्यात राणीच्या डोक्यावरचा टिआरा काढला होता, अल्बर्ट यांच्या मिशा आणि छातीवरचा राजचिन्हाचा पट्टाही गायब केला होता. झाले! इंग्लंडचे राजकुटुंब एका फटक्यात अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंब झाले. जर्मन स्थलांतरितांमुळे अमेरिकेत झाडे आधीही होती, पण या चित्राने ती सर्वांची झाली. याच वर्षी चार्ल्स डिकन्स यांनी ख्रिसमस ट्रीवर लेख लिहिला, तेव्हा त्याची ओळख त्यांना जर्मन खेळणे अशीच करून द्यावी लागली. त्यानंतरच्या दशकांत मात्र तो इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला आठवेना.

अल्बर्ट यांनी विंडसर परिसरातील शाळांना आणि लष्करी बराकींनाही झाडे भेट दिली, त्यामुळेही प्रथेचा प्रसार झाला. त्याच दशकात नाताळच्या इतर प्रथाही आकार घेत होत्या. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळ शुभेच्छापत्र काढले. हेच कोल पुढे अल्बर्ट यांचे महत्त्वाचे सहकारी झाले.

नाताळापलीकडे अल्बर्ट यांचे काम काय?

कोल आणि अल्बर्ट यांनी मिळून उभे केलेले मोठे काम म्हणजे १८५१ चे लंडनमधील महाप्रदर्शन. हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी रचलेल्या लोखंड आणि काचेच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये जगभरच्या वस्तू मांडल्या होत्या. १ मे ते १५ ऑक्टोबर या काळात ६० लाखांहून अधिक तिकिटे गेली. मिळालेल्या सुमारे १ लाख ८६ हजार पौंडांच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली गेली. लंडनमधील आजची मोठी संग्रहालये तिथेच उभी आहेत.

भारतातून नेलेला कोहिनूर हिरा याच प्रदर्शनात होता. पण तो म्हणावा तसा चमकेना म्हणून लोकांची निराशा झाली. १८५२ मध्ये अल्बर्ट यांच्या देखरेखीखाली त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. १८६ कॅरेटचा हिरा साधारण १०६ कॅरेटवर आला. भारतीयांसाठी ही दुहेरी दुखरी आठवण आहे.

याखेरीज १८४० मध्ये गुलामगिरीविरोधी सभेत त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. १८४७ पासून ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती होते आणि अभ्यासक्रमात आधुनिक विषय यावेत यासाठी त्यांनी प्रयत्न केले. कामगारांसाठी आदर्श घरांचा नमुनाही त्यांनी महाप्रदर्शनाच्या निमित्ताने उभा केला.

चित्रातले कुटुंब खरोखरच सुखी होते का?

याचे उत्तर संमिश्र आहे. ऑस्बर्नच्या आवारात अल्बर्ट यांनी मुलांसाठी ‘स्विस कॉटेज’ बांधले. तिथे राजकन्या स्वयंपाक शिकत. प्रत्येक मुलाला बागेचा एक तुकडा आणि नावाची आद्याक्षरे घातलेली अवजारे मिळाली होती. पिकवलेली भाजी वडील बाजारभावाने विकत घेत. जमिनीवर बसून मुलांशी खेळणारा बाप त्या काळच्या राजघराण्यांत विरळाच.

मात्र हाच बाप थोरल्या मुलाच्या बाबतीत कठोर ठरला. युवराज अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे बर्टी, अभ्यासात मागे होता. त्याच्यासाठी आखलेल्या वेळापत्रकात खेळायला जागाच नव्हती. हुशार विकी वडिलांची लाडकी, तर बर्टी सततची काळजी. १८५८ मध्ये विकी लग्न होऊन प्रशियाला गेली, तेव्हा अल्बर्ट मनाने खचले. एकीकडे मुलांना आनंदी बालपण देण्याची ओढ आणि दुसरीकडे त्यांना आदर्श बनवण्याचा हट्ट, या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या.

१८६१ च्या डिसेंबरमध्ये काय घडले?

१८६१ हे वर्ष कुटुंबाला जड गेले. मार्चमध्ये राणीच्या आईचे निधन झाले. नोव्हेंबरमध्ये बर्टीचे एका नटीशी संबंध असल्याची बातमी आली. पोटाच्या जुन्या विकाराने आधीच थकलेले अल्बर्ट २५ नोव्हेंबरला केंब्रिजला गेले आणि पावसाळी हवेत मुलाबरोबर लांबवर चालत बोलले. मुलाला त्यांनी क्षमा केली, पण परतले ते आजारी होऊनच.

त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मोठा पेच उभा राहिला होता. उत्तरेच्या नौदलाने ब्रिटिश जहाज ‘ट्रेन्ट’ अडवून दक्षिणेच्या दोन दूतांना पकडून नेले होते. ब्रिटिश सरकारने लिहिलेला खलिता इतका कडक होता की युद्ध भडकले असते. अंगात ताप असताना, १ डिसेंबरला अल्बर्ट यांनी त्याचा मसुदा बदलला. जहाजाच्या कप्तानाने वरिष्ठांच्या आज्ञेविना हे केले असावे, असे मानून वॉशिंग्टनला माघार घेण्यास वाव ठेवला. हे त्यांचे शेवटचे राजकीय काम.

१४ डिसेंबर १८६१ रोजी रात्री विंडसर किल्ल्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. डॉक्टरांनी टायफॉइड असे निदान केले होते. नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते तो आतड्यांचा दीर्घकालीन विकार असावा. सर्वात धाकटी बिअट्रिस तेव्हा चार वर्षांची होती. आईविना राहिली तेव्हा अल्बर्टही साधारण एवढेच होते.

२३ डिसेंबरला अंत्यसंस्कार झाले. राणी त्याआधीच मुलांसह ऑस्बर्नला गेली होती. त्या वर्षी नाताळ साजरा झाला नाही. दुसरीकडे, लिंकन यांच्या मंत्रिमंडळाने २५ आणि २६ डिसेंबरला बैठक घेऊन दोन्ही दूतांना सोडण्याचा निर्णय घेतला. युद्ध टळले, पण ते पाहायला अल्बर्ट नव्हते. व्हिक्टोरिया यांनी पुढची ४० वर्षे काळा पोशाख घातला. या दुःखाचा दोष त्यांनी दीर्घकाळ बर्टीला दिला. पुढचे बहुतेक नाताळ त्यांनी विंडसरऐवजी ऑस्बर्नमध्ये घालवले. मात्र नातवंडांसाठी झाडे पुन्हा उभी राहिली.

महाराष्ट्राशी या कथेचा संबंध काय?

अल्बर्ट भारतात कधीच आले नाहीत. पण मुंबईत त्यांचा पुतळा आहे. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने खुले झाले. १९७५ मध्ये त्याचे नाव बदलले. तिथल्या मुख्य दालनात शिल्पकार मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे. त्याचा खर्च डेव्हिड ससून यांनी केला होता. ज्या बर्टीशी त्यांचे पटले नाही, त्याचा घोड्यावरचा पुतळा म्हणजे प्रसिद्ध ‘काळा घोडा’. १९६५ मध्ये तो फोर्टमधून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणला गेला. त्यामुळे बाप आणि लेक आता एकाच आवारात आहेत. वडिलांवर लुटुपुटीची बंदूक रोखणारा आर्थर पुढे ड्यूक ऑफ कनॉट झाला आणि १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती होता.

मात्र महाराष्ट्र आणि गोव्यातील नाताळ ख्रिसमस ट्रीपेक्षा कितीतरी जुना आहे. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज ‘नताल’वरून आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आणि वसईत आले तेव्हापासून येथील कॅथलिक घरांत मध्यरात्रीची मिस्सा, बाळ येशूचा गोठा आणि घरी केलेला फराळ ही नाताळची खूण राहिली. गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे उभ्या केलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असे पदार्थ करून शेजाऱ्यांकडे ‘कुस्वार’ची ताटे पाठवली जातात. दारात कागदी चांदणी लागते ती आपल्या आकाशकंदिलाची बहीणच. झाड इथे आले ते इंग्रजी अमलात आणि गोठ्याच्या शेजारी जाऊन बसले. आपल्या हवेत फर वाढत नाही म्हणून कुठे कुंडीतले अरोकेरिया, कुठे सुरूची फांदी, तर बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे झाड वापरले जाते. मेणबत्त्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली, त्याची सुरुवात १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी केली.

मग श्रेय नेमके कशाचे?

ख्रिसमस ट्री अल्बर्ट यांनी शोधला नाही आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आणलाही नाही. त्यांनी त्याला घराचा सण केले. चर्चमधील उपासना आणि मोठ्यांच्या मेजवान्या यांच्या बरोबरीने नाताळची एक संध्याकाळ केवळ मुलांची असावी, ही कल्पना त्यांच्या घरातून छापील चित्रावाटे जगभर गेली. ज्या मुलाचे स्वतःचे घर पाचव्या वर्षी मोडले, त्याने उभ्या केलेल्या घराचे ते चित्र होते. या डिसेंबरमध्ये भायखळ्याच्या संग्रहालयात जाणाऱ्यांना अल्बर्ट यांचा तो संगमरवरी पुतळा पाहता येईल. शहरभर लागलेल्या झाडांशी त्याचे नाते आहे, हे मात्र तिथल्या फार थोड्या पाहुण्यांना ठाऊक असते.